ग्रिम्सबीची रात्र आणि मँचेस्टर युनायटेडचा वीस वर्षांचा कारभार

रात्रपाळी | २८ ऑगस्ट २०२५, सकाळी ७.१०

काल घरी बाप्पा बसले. दिवसभर पाहुणे, आरत्या, मोदक. रात्री साडेबाराला घर झोपल्यावर मी आवाज बंद करून सामना लावला. लीग कपची दुसरी फेरी, आपल्या मँचेस्टर युनायटेडसमोर ग्रिम्सबी टाउन. इंग्लंडच्या चौथ्या पायरीवरचा संघ. मध्यंतराला आपण ०-२ मागे. ७५व्या मिनिटाला एम्बुमो, ८९व्या मिनिटाला मग्वायर, आणि कशीबशी बरोबरी. मग पेनल्टी. दोन्हीकडून तेरा-तेरा मारल्या गेल्या. कुन्हाची अडवली गेली आणि शेवटची एम्बुमोची आडव्या दांड्यावर आदळली. १२-११. आपला प्रशिक्षक आमोरीम डगआउटमध्येच बसून होता, पेनल्ट्या बघायलासुद्धा बाहेर आला नाही. तो तसा बसलेला पाहून मला पहिल्यांदा त्याची कीव आली. टीव्ही बंद करून मी देवासमोरच्या समईत तेल घातलं आणि तिथेच बसून राहिलो.

हा धागा कालच्या एका रात्रीसाठी काढलेला नाही. छोटा संघ एखाद्या दिवशी मोठ्याला हरवतो, ते फुटबॉलमध्ये व्हायलाच हवं, आणि ग्रिम्सबीची पोरं मनापासून खेळली. मला बोलायचंय ते क्लब चालवणाऱ्यांबद्दल.

थोडं मागचं सांगतो. माझे बाबा माटुंगा वर्कशॉपमध्ये होते, रेल्वेचे डबे दुरुस्त करायचे. २६ मे १९९९ च्या रात्री डोंबिवलीच्या आमच्या एका खोलीत शेजाऱ्यांसकट आठ जण बसून बायर्न म्युनिकविरुद्धची चॅम्पियन्स लीगची फायनल पाहत होतो. शेवटच्या तीन मिनिटांत शेरिंगहॅम आणि सोल्शर यांचे गोल झाले, मी ओरडलो आणि आईची बोलणी खाल्ली. नंतर कधीतरी एका मासिकात वाचून मी बाबांना सांगितलं की हा क्लब १८७८ मध्ये न्यूटन हीथच्या रेल्वे कारखान्यातल्या कामगारांनी काढला, तेही डबे आणि वाघिणींच्या खात्यातल्या. बाबा म्हणाले, "म्हणजे आपलीच माणसं." त्या दिवसापासून ते युनायटेडला 'आपली' म्हणतात. आज त्यांचं वय सत्याहत्तर आहे. सकाळी चहा घेताना त्यांनी निकाल विचारला. मला सांगवेना.

गेल्या हंगामात आपण लीगमध्ये पंधरावे आलो. ४२ गुण, १८ पराभव. १९७४ मध्ये क्लब खालच्या विभागात गेला, त्यानंतर इतकी खालची जागा कधीच आली नव्हती. मे महिन्यात बिल्बाओला युरोपा लीगच्या फायनलमध्ये टॉटनहॅमकडून ०-१ हरलो, म्हणजे यंदा युरोपातही नाही. यंदाची सुरुवात घरी आर्सेनलकडून पराभव आणि फुलहॅमशी बरोबरी. आणि आता हे.

दर वेळी बळी प्रशिक्षकाचा जातो. मॉइजला सहा वर्षांचा करार दिला, तो दहा महिन्यांत गेला. व्हान गालने एफए कप जिंकला आणि दोन दिवसांत त्याला निरोप. मग मोरिन्यो, मग सोल्शर. टेन हागच्या बाबतीत तर कळस झाला. मे २०२४ मध्ये त्याने मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप आणला. मंडळाने उन्हाळाभर दुसरा कोणी मिळतो का ते पाहिलं, कोणी मिळाला नाही म्हणून त्याचाच करार वाढवला, नव्या खेळाडूंवर सुमारे २० कोटी पौंड खर्च केले आणि ऑक्टोबरच्या शेवटी त्याला काढलं. त्याच्या जागी भर हंगामात आमोरीमला आणलं. तीन बचावपटू आणि दोन विंगबॅक हीच आपली रचना, हे त्याने लपवून ठेवलेलं नव्हतं. संघातले खेळाडू मात्र वेगळ्याच रचनेसाठी घेतलेले. पोळपाट-लाटणं विकत घेतलं आणि आचारी बोलावला डोशाचा. यात आचाऱ्याची चूक किती?

डॅन अ‍ॅशवर्थची गोष्ट मला सगळ्यांत जास्त लागते. क्रीडा संचालक म्हणून न्यूकॅसलकडून त्याला मिळवायला महिनोन्महिने थांबले. जुलै २०२४ ला रुजू झाला, डिसेंबरात बाहेर. टेन हाग, त्याचे सहकारी आणि अ‍ॅशवर्थ यांना घालवण्याचा खर्च क्लबच्याच हिशेबात १ कोटी ४५ लाख पौंड दिसतो. आणि त्याच काळात काटकसर म्हणून सुमारे २५० जणांच्या नोकऱ्या गेल्या, पुढे आणखी दीडशे-दोनशेंच्या जाणार असं जाहीर झालं, ओल्ड ट्रॅफर्ड स्टेडियमवरच्या कर्मचाऱ्यांचं जेवण बंद झालं. निर्णय चुकले वरच्यांचे आणि ताट काढून घेतलं खालच्यांचं. रेल्वे कामगारांनी काढलेल्या क्लबमध्ये.

तुम्हाला काय वाटतं? सविस्तर लिहा. मी आज सुट्टीवर आहे.

हिशेबनीस | २८ ऑगस्ट, सकाळी ९.४५

रात्रपाळी, तुम्ही लिहिलंत ते बरंचसं नवा भागीदार जिम रॅटक्लिफ याच्या दीड वर्षातलं. मूळ दुखणं मे २००५ मधलं आहे. ते नीट समजल्याशिवाय पुढचं काही कळत नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. माझा धंदाच हिशेब तपासण्याचा आहे.

समजा दादरला एक चालतं हॉटेल आहे. सत्तर वर्षांत एक रुपया कर्ज नाही, गल्ला भरलेला. एक जण ते विकत घेतो. स्वतःचे थोडे पैसे घालतो, बाकी कर्ज काढतो, आणि त्यातलं बरंचसं कर्ज हॉटेलच्याच डोक्यावर ठेवतो. आता हप्ता कोण भरणार? हॉटेल. म्हणजे तिथे रोज मिसळ खाणारी माणसं. अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबाने युनायटेड सुमारे ७९ कोटी पौंडांना घेतलं ते असं. १९३१ पासून क्लबवर कर्ज नव्हतं. एका व्यवहाराने तो कर्जबाजारी झाला, आणि त्या कर्जातून खेळाडू आला नाही, एक वीटही बसली नाही. व्याज, फी आणि लाभांश मिळून आजवर एक अब्ज पौंडांहून जास्त रक्कम क्लबमधून बाहेर गेली असं हिशेब मांडणारे सांगतात.

२०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात समभाग आणले, १४ डॉलरला एक. कंपनीची नोंदणी केमन बेटांवर. बाजारात विकलेल्या समभागाला एक मत, कुटुंबाने स्वतःकडे ठेवलेल्याला दहा मतं. तुम्ही-आम्ही बाजारातले सगळे समभाग घेतले तरी निर्णय त्यांचाच राहील. जमा झालेल्या पैशातला निम्मा क्लबच्या कर्जाकडे गेला आणि निम्मा कुटुंबाकडे.

रॅटक्लिफ २०२४ च्या फेब्रुवारीत आला तो २७ टक्क्यांच्या आसपास वाटा घेऊन, दर ३३ डॉलर. फुटबॉलचा कारभार त्याच्याकडे, बहुमत अजून ग्लेझरांकडे. कर्ज जागेवरच. लोक त्याच्या काटकसरीला शिव्या देतात. मी दोष देतो तो काटकसरीच्या जागेला. जिथून गळती आहे ते भोक वर आहे आणि तो बादली खाली लावतोय.

कडुनिंब | २८ ऑगस्ट, सकाळी ११.२०

हिशेब पटला, पण निष्कर्ष पूर्ण पटला नाही. मी प्रशिक्षक फर्ग्युसनच्या शेवटच्या हंगामापासून एकही सामना चुकवलेला नाही, म्हणून हक्काने लिहिते.

मालकांनी पैसा दिला नाही असं म्हणता येत नाही. पोग्बाला ८ कोटी ९० लाख पौंड. तोही २०१२ मध्ये आपल्याकडूनच फुकट गेलेला, आणि २०२२ मध्ये परत फुकटच गेला. मग्वायर ८ कोटी, सांचो ७ कोटी ३० लाख, अँटनी ८ कोटींच्या वर. डी मारियाला विक्रमी किमतीला आणला आणि वर्षभरात विकला. इतक्या पैशात दुसऱ्या कुणी दोन संघ उभे केले असते. कर्ज नसतं तरी याच माणसांनी हेच केलं असतं, फक्त आणखी मोठ्या रकमेत.

माझ्या मते खरा अपराध हा आहे की फुटबॉल कळणारं माणूस निर्णयाच्या खुर्चीवर बसवलंच नाही. २०१३ मध्ये फर्ग्युसन आणि मुख्य कार्यकारी अधिकारी डेव्हिड गिल एकाच उन्हाळ्यात गेले. त्यांच्यामागे सूत्रं एड वुडवर्डकडे. हा मूळचा बँकवाला, ग्लेझरांच्या खरेदीच्या वेळी त्यांना सल्ला देणारा. प्रायोजक आणण्यात तो हुशार होताच. पण डावा बचावपटू कोणता घ्यावा हे ठरवायला फुटबॉल संचालक नेमला गेला तो मार्च २०२१ मध्ये. आठ वर्षं! घरात आठ वर्षं स्वयंपाकी नाही आणि रोज भांडी मात्र नवी.

लिव्हरपूलचे मालकही अमेरिकीच आहेत. २०१० मध्ये त्यांनी क्लब घेतला तेव्हा तोही आधीच्या मालकांच्या कर्जाने बुडायला आला होता. त्यांनी जाणकार माणसं नेमली, त्यांना काम करू दिलं, २०२० आणि २०२५ ला लीग जिंकली. त्यांचं कौतुक करताना माझा घास अडकतो, पण खरं ते लिहायला हवं.

आणि मॅकटॉमिने. पाच वर्षांचा असल्यापासून आपल्या अकादमीत वाढलेला मुलगा. ऑगस्ट २०२४ मध्ये नापोलीला विकला. घरचा खेळाडू विकला की हिशेबात सगळी रक्कम नफा म्हणून दिसते, म्हणून. नापोलीने त्याला पुढे खेळवलं, ते इटलीचे विजेते झाले आणि तो तिथला हंगामातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या दिवशी मी आनंदाने रडले आणि रागानेही.

हिशेबनीस | २८ ऑगस्ट, दुपारी १२.०५

ताई, मॅकटॉमिनेचा मुद्दा तुम्ही माझ्याच बाजूने मांडलात. घरचं पोर विकायची वेळ कागदावरचा नफा दाखवण्यासाठी आली. ती वेळ का आली? वुडवर्डला नेमलं कोणी? तुमचं-माझं भांडण शेवटी एकाच दारापाशी जातं.

सॅल्फर्डकर | २८ ऑगस्ट, दुपारी ३.३०

मी अकरा वर्षं इथे राहतोय, ओल्ड ट्रॅफर्डपासून ट्रॅमने वीस मिनिटांवर. आज ऑफिसात ग्रिम्सबीचं नाव घ्यायची कुणाला हिंमत नाही, कुणी कुणाकडे पाहत नाहीये.

इथल्या लोकांच्या मनात काय चाललंय ते लिहितो, कारण भारतातून ते पूर्ण दिसत नाही. गेल्या नोव्हेंबरात भर हंगामात उरलेल्या तिकिटांचा दर सरसकट ६६ पौंड केला. आधी मोठ्यांना ४० पौंडांपासून आणि मुलांना २५ पौंडांपासून मिळायचं. मुलांची आणि म्हाताऱ्यांची सवलत गेली. यातून मिळणारी रक्कम एका चुकलेल्या खेळाडूच्या काही आठवड्यांच्या पगाराइतकी. पण ज्या आजोबांनी नातवाचा हात धरून त्याला पायऱ्या चढायला शिकवल्या, त्यांना कळलं की आपली इथे किंमत काय. आजोबा-नातू ही साखळी तुटली की तीस वर्षांनी गच्च भरलेलं स्टेडियम कुठून आणणार? याच वर्षी मार्चमध्ये एक लाख क्षमतेच्या नव्या स्टेडियमची घोषणा झाली आहे. आताचं १९१० चं. मे २०२४ मध्ये आर्सेनलच्या सामन्यानंतर पाऊस कोसळला आणि छतावरून धबधबा लागला, ती चित्रफीत तुम्हीही पाहिली असेल. वीस वर्षं छत दुरुस्त न करणाऱ्यांच्या सोबतीने नवं बांधायचं आहे.

लोक गप्प बसलेले नाहीत, हेही सांगायला हवं. २००५ मध्येच काही चाहत्यांनी बाहेर पडून एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःच्या मालकीचा क्लब काढला, एका सभासदाला एक मत. तो आजही खालच्या लीगमध्ये खेळतो. २०१० मध्ये हजारो लोक हिरवे-सोनेरी गळपट्टे घालून आले. ते न्यूटन हीथचे रंग, रात्रपाळी, तुमच्या बाबांच्या 'आपल्या माणसांचे'. मोठ्या क्लबांनी स्वतःची वेगळी युरोपीय सुपर लीग काढायचा घाट घातला, त्या प्रकरणानंतर २ मे २०२१ ला लोक मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. मी त्या दिवशी बाहेर रस्त्यावर उभा होतो. सगळ्या वयाची माणसं होती.

जुलैमध्ये इथे फुटबॉल कारभाराचा नवा कायदा झाला, स्वतंत्र नियामक येतोय. वीस वर्षांपूर्वी असता तर, हा विचार मनातून जात नाही.

बालेवाडी पूर्व | २८ ऑगस्ट, रात्री ८.१५

सकाळपासून वाचतोय. लिहू की नको करत होतो, कारण माझं दुःख वेगळं आहे. तुमचा क्लब पंधरावा आला. माझे क्लब आता नाहीतच.

पुणे एफसी २००७ ला सुरू झाला, दोन वर्षांत आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये, पोचला. पहिल्याच हंगामात तिसरा. २०१२-१३ मध्ये डेरिक परेरांच्या हाताखाली दुसरा, पुढे आशियातल्या क्लबांच्या एएफसी कपमध्येही खेळला. युवा संघ देशात नावाजलेला. मी कॉलेजातून थेट बालेवाडीला जायचो. पन्नास-साठ जणांचा आमचा घोळका, एक ढोल, एक ताशा. २०१५ मध्ये मालकांनी क्लब बंद केला. भारत एफसी तर एकच हंगाम खेळला, २०१४-१५. डीएसके शिवाजीयन्स दोन हंगाम. आणि आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी.

पुणे सिटीकडे नावं कमी नव्हती. पहिल्या वर्षी त्रेझेगे, विश्वविजेता माणूस, आपल्या बालेवाडीत! पण दर वर्षी नवा प्रशिक्षक: कोलोंबा, मग डेव्हिड प्लॅट, मग हाबास, मग पोपोविच. पोपोविचच्या वर्षी, २०१७-१८ मध्ये, मार्सेलिन्यो आणि अल्फारो असे खेळले की आम्ही चौथे आलो. उपांत्य फेरीचा पहिला सामना इथे ०-०, दुसरा बंगळुरूत, आणि छेत्रीने हॅटट्रिक मारली. परतीच्या बसमध्ये कुणी बोललं नाही, पण आता आपला संघ उभा राहिला असं सगळ्यांना वाटत होतं. तो प्रशिक्षक ठेवला नाही. पुढच्या वर्षी नवा आणला, तीन सामन्यांनंतर काढला. ऑगस्ट २०१९ मध्ये पैशांअभावी संघच संपला आणि ती जागा हैदराबादला गेली. आमचे बरेच खेळाडूही तिकडे गेले. २०२२ मध्ये हैदराबादने गोव्यात फातोर्ड्याला चषक जिंकला. मी तो सामना पाहिला आणि कोणासाठी टाळ्या वाजवायच्या ते मला समजेना.

चार क्लब. प्रत्येकाचा मालक वेगळा, अडचण वेगळी, पण एक गोष्ट चारही ठिकाणी सारखी. बंद करायचं ठरवताना ज्याने ढोल वाजवला त्याला कोणी विचारलं नाही. आणि आज तर आयएसएलचा हंगामच टांगणीला लागलाय, काही क्लबांनी पगार थांबवलेत. माझी नारिंगी जर्सी कपाटात आहे. मुलगा विचारतो, बाबा हा कुठला संघ?

कडुनिंब | २८ ऑगस्ट, रात्री ८.४०

दादा, वाचून गलबललं. मी पुण्यातच राहते आणि यातल्या एकाही सामन्याला बालेवाडीला आले नाही. रात्री जागून मँचेस्टर पाहत होते. याची आज मनापासून खंत वाटली.

पेठेतला | २९ ऑगस्ट, सकाळी १०.३०

कोल्हापूरहून लिहितोय. आमच्याकडं फुटबॉल म्हणजे काय ते शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी मंडळाची मॅच लागली की बघायला या. दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस, कुठलाबी संघ घ्या, मागं पेठ उभी असते. शाहू महाराजांच्या काळापासून तालमी कुस्तीच्या, त्याच तालमींचे पुढं फुटबॉलचे संघ झाले. मालक असा कोण नाही. तालमीच्या कट्ट्यावर बसलेला प्रत्येक माणूस स्वतःला मालक समजतो, आणि कार्यकर्त्याला सकाळी दूध आणायला जाताना आदल्या दिवशीच्या पराभवाचा जाब द्यावा लागतो.

आमचं सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. पेठांची भांडणं होतात, सामने थांबतात, पुढाऱ्यांचा पैसा येतो आणि त्याच्याबरोबर पुढाऱ्यांचा शब्दबी येतो. बाहेरचे खेळाडू आणतात आणि पेठेतलं पोरगं बाकावर बसतं, त्यावरून मी स्वतः तालमीत वाद घातलाय. पण तालीम विकून कोण दुसऱ्या गावाला नेऊ शकत नाही. बालेवाडी भाऊंचं वाचून मला रात्री हेच आठवत राहिलं.

जर्मनीत क्लबच्या सभासदांकडं निम्म्याहून जास्त मतं ठेवायचा नियम आहे म्हणतात. आमच्या पेठेत त्याला नियम लागला नाही.

रात्रपाळी | २९ ऑगस्ट, रात्री ११.००

सगळं दोनदा वाचलं. कडुनिंब ताई, तुमचं पटलं. हिशेबनिसांचं वाचून मी सगळा दोष कर्जावर टाकत होतो, पण माणसं निवडण्यातला आळस ही वेगळी चूक आहे आणि ती कर्ज फिटलं तरी राहील. तरीही हिशेबनीस म्हणतात तेही खरं. निवड चुकली तर पेठेतल्या कार्यकर्त्याला दुधाच्या रांगेत जाब द्यावा लागतो. २००५ पासून ग्लेझरांपैकी कोणाला कुठल्या रांगेत उभं राहावं लागलंय? सुपर लीगच्या वेळी एकदा माफीचं पत्र आलं. त्यानंतर पुन्हा शांतता.

बालेवाडी दादा, तुमच्या प्रतिसादाने मला अपराधी वाटलं आणि ते योग्यच आहे. डोंबिवलीहून दादरला लोकल बदलली की अंधेरीला पोचता येतं, तिथे मुंबई सिटी खेळते. मी दोनदाच गेलोय.

सॅल्फर्डकर, एक विचारायचंय. तिथल्या चाहत्यांच्या संघटनेत इथून सभासद होता येतं का?

सॅल्फर्डकर | ३० ऑगस्ट, रात्री १०.१५

होता येतं. मँचेस्टर युनायटेड सपोर्टर्स ट्रस्ट, जगात कुठूनही ऑनलाइन नोंदणी करता येते. भारतातले आवाज वाढले तर हवंच आहे. क्लब जाहिराती विकताना तुमचीच संख्या मोजून दाखवतो.

आज स्टेडियममध्ये होतो. बर्नलीविरुद्ध दोनदा आघाडी घेतली, दोनदा घालवली, आणि ९७व्या मिनिटाला ब्रुनोच्या पेनल्टीवर ३-२ जिंकलो. शेजारचा अनोळखी म्हातारा माझ्या गळ्यात पडला. बाहेर पडताना ग्लेझरांविरुद्धच्या घोषणा तितक्याच जोरात चालू होत्या.

रात्रपाळी | ३० ऑगस्ट, रात्री ११.४०

पाहिला सामना. बाबांना शेजारी बसवून पाहिला, आवाज चालू ठेवून. ब्रुनो पेनल्टीला उभा राहिला तेव्हा ते डोळे मिटून बसले होते.

दोन नोंदण्या केल्या, एक माझ्या नावाने, एक त्यांच्या. व्यवसाय विचारला नव्हता, तरी बाबांनी मला अर्जाखालच्या रकान्यात लिहायला लावलं: निवृत्त, रेल्वे, डबे आणि वाघिणी खातं. उद्या घरी गौरी येतायत, त्यामुळे दोन दिवस इथे फिरकणं होणार नाही. बालेवाडी दादा, तुमच्याकडे त्या ढोल-ताशाच्या घोळक्याचा एखादा फोटो असेल तर इथे नक्की लावा.